एकतीस जूनचं ब्लडप्रेशर

राजमान्य राजश्री बन्सीभाऊ यांस, देवळाली प्रवऱ्याहून गोरक्षनाथाचा रामराम. (राजमान्य वाचून हुरळू नकोस, पत्राला काहीतरी सुरुवात लागते.) इकडे सर्व क्षेम म्हणायची पद्धत आहे, पण पायांवर सूज असताना ते लिहिणं बरं दिसत नाही. नागापूरला मुलाकडे करमतं का? गुडघे काय म्हणतात?

माझी मूत्रपिंडं वर्षापूर्वी संपावर गेली, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून पोटात बसवलेल्या नळीतून दिवसाला चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग अंगातली घाण आणि जादा पाणी घेऊन ते बाहेर काढायचं. नर्सबाई समजावत होत्या तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, बाई, अठ्ठावीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो, चारीला पाणी सोडायचं आणि तोडायचं, हाच धंदा केला. फरक एवढाच, की तेव्हा शेतकरी शिव्या द्यायचे, आता तुझी मनकर्णावहिनी देते. पिशवी लावून बसलो की मला आपला पाट दिसतो. पाण्यामागोमाग आपण दोघं चालत निघायचो, कुणी हुरडा द्यायचं, कुणी गुळाचा खडा, आणि तू वाटेतल्या प्रत्येक म्हशीची चौकशी करत थांबायचास. फार चांगले दिवस होते रे.

तर झालं असं. डॉक्टरीणबाईंनी वही दिली. रोजचं वजन, पाणी किती आत गेलं, किती बाहेर आलं, आणि ब्लडप्रेशर. बजावलंही, काका, मीठ कमी आणि प्रेशर ताब्यात, नाहीतर घरचं हे बंद आणि आठवड्यातून तीनदा नगरला मशीनवर. आता वही म्हटल्यावर आपला हात कसा चालतो, हे तुला सांगायला नको. पाटाची पातळी लिहायला आपण कधी पाण्यातल्या मोजपट्टीपर्यंत गेलो होतो? बाभळीखाली बसून अख्खा महिना एका बैठकीत भरायचो (आणि साहेब अक्षराचं कौतुक करायचे). तसंच मी प्रेशर भरलं. भरायचंच तर कंजुषी कशाला, म्हणून चार-दोन ठिकाणी १००/६० लिहून टाकलं. बाई म्हणाल्या, फारच उतरलंय, आणि गोळ्या निम्म्या केल्या. त्या आनंदात मी शेंगदाण्याच्या चटणीवर वरून मीठ घेतलं.

दहाव्या दिवशी पाय सुजले, दम लागला, पाठ टेकता येईना. दवाखान्यात मोजलं तर २१०/११०. बाईंनी वही उघडली आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, "काका, एकतीस जूनलाही मोजलंत?" तेवढ्यात मनकर्णा सगळ्यांसमोर बोलली, "मशिनीचा शेल तर चैतापासून भिंतीवरच्या घड्याळात हाय. ह्यांनी मोजलं कशानं?" चार दिवस तिथेच पडून होतो. बाईंनी ही शेवटची संधी म्हणून घरी सोडलंय. आता मनकर्णा समोर बसते, आकडा मोठ्यानं वाचते आणि मी लिहितो. कालचा १५८/९२, गिचमिड अक्षरात.

तुझा,
गोरक्षनाथ

ता. क. हे सगळं तुला हसवायला लिहिलं, असं समजू नकोस. परवा तुझी सून धनश्री फोनवर कौतुकानं सांगत होती, की दादांच्या प्रेशरच्या वहीत आठ महिने रोज १२०/८० आहे. बन्सी, ती विद्या तुला मीच शिकवली.

आणखी ता. क. नळी बसायच्या आधी सहा वर्षं नुसत्या प्रेशरच्या गोळ्या होत्या, तेव्हाच्या वहीतही मी असंच लिहीत होतो. कुठं काही दुखत नव्हतं, म्हणून मलाही ते खरं वाटायचं. माझी दोन्ही मूत्रपिंडं त्या सुबक अक्षरात गेली. आज धनश्रीसमोर दंडाला पट्टा बांधून घे आणि येईल तो आकडा मला कळव. दोनशे आला तरी कळव. मला पत्र लिहायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.