बेलकासिमचं पुस्तक

कॉन्स्टंटाइन, जानेवारी १९९५

प्रिय तय्यब,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला. शाळा चालू आहे, पण फ्रेंचच्या बाई येत नाहीत. त्यांच्या दाराखाली कुणीतरी कफनाच्या कापडाचा तुकडा सरकवला, दुसऱ्याच दिवशी त्या मुलांना घेऊन निघून गेल्या. त्यांचा वर्गही मीच सांभाळते. गणिताची बाई व्याकरण शिकवतेय, हसशील तू. जाताना रोज वेगळ्या गल्लीने जाते. सलाह दारात उभा राहून म्हणतो, "पोचलीस की शाळेतून फोन कर." पूर्वी हाच माझा नवरा बाजारातून कोथिंबीर आण एवढंच सांगायचा.

गेल्या मार्चमध्ये देश सोडून जाताना तू कादंबरीची चारशे पानं माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "दुसरी प्रत नाही, ताई." उन्हाळ्यात मी ती तीनदा वाचली. तुझा बेलकासिम जन्मभर पुलाचे खिळे तपासतो आणि साठाव्या वर्षी स्वतःला विचारतो, आपण जगलो की नुसता जीव वाचवला? पहिल्यांदा वाचताना राग आला. शहाण्या, ज्याच्या घरी कुणी वाट पाहत नाही त्यालाच असले प्रश्न परवडतात. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र शाळेच्या वाटेवर तो माझ्या शेजारून चालायला लागला. मेलो तर काय होईल याची भीती मला आधीपासून होती. अशीच नुसता जीव वाचवत राहिले तर काय होईल, ही नवी भीती त्याने घातली. जिन्यात पाऊल वाजलं की मी श्वास रोखून धरते. दिवसातून किती वेळा, ते आता मोजत नाही.

आपल्या यम्माला मी रोज संध्याकाळी ते वाचून दाखवू लागले. ती मटार सोलत ऐकायची. "हा बाप्या फार विचार करतो, याला कुणी वेळेवर जेवायला वाढत नाही का?" म्हणायची. पण तो पुलाच्या मधोमध थांबतो, त्या प्रकरणाला तिचे हात थांबले. मग म्हणाली, "माझ्या लेकाला हे सगळं कधी कळलं गं? इथे असताना तर नुसता झोपायचा."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू कळवलंस की मार्सेयचा एक प्रकाशक छापायला तयार आहे, मामेभाऊ येईल त्याच्याकडे पानं दे. तय्यब, पानं नाहीत. नोव्हेंबरात एका सकाळी घरात मी एकटी होते. खाली गाडी थांबली आणि जिन्यावर चार-पाच माणसांचे बूट वाजले. लष्कर की डोंगरातले ते बंदूकवाले, कळायला मार्ग नव्हता. आपल्याला संपवायला हवं ते दोघांनाही तुझ्या पानांत सापडलं असतं. मी मूठमूठ पानं शेगडीत घालत सुटले. अर्धी जळली तेव्हा दार वाजलं. उघडलं तर वरच्या फत्तूमाचे दीर आणि पुतणे, तिच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आणि मिठाईचं ताट घेऊन. "हात काळे झालेत, बाई," एकजण म्हणाला. मी म्हटलं, शेगडी साफ करत होते. मी त्यांना कॉफी दिली. ते गेले. निम्मं पुस्तक तोपर्यंत शाबूत होतं, पुढचा धोका टळला होता, मला विचार करायला सगळी सकाळ होती. मी दाराला कडी घातली आणि उरलेलंही जाळलं. पहिल्या अर्ध्याची माफी मी मागणार नाही. दुसऱ्या अर्ध्याची कशी मागायची ते मला कळत नाही. यम्माला यातलं काही माहीत नाही. संध्याकाळी ती हाक मारते, मी मुलींच्या परीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन बसते आणि आठवेल तसं वाचते. परवा तू लिहिलेलं संपलं. यम्मा म्हणाली, "पुढे?" मग मी पुढचं माझ्या मनाने सांगायला लागले.

रागावलास तरी तुझीच,
जुलेखा