पुजलेला पाना

मध्यवर्ती कारागृह,
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. श्रुतिकाताईस,
निलेशचा सा. न. वि. वि.

इथल्या फोनवर माझा आवाज ऐकून तू दोनदा फोन ठेवलास, म्हणून शेवटी पत्र. काल भाऊबीज होती. मुलाखतीच्या खिडकीशी तासभर उभा राहिलो, तू आली नाहीस. बरॅकमधल्या एकाने त्यावरून टोमणा मारला. त्याचं डोकं मी नळावर आपटलं. आता मला वेगळं ठेवलंय, त्यामुळे लिहायला निवांतपणा आहे.

मुद्द्याचं सांगतो. वीस नोव्हेंबरला जामिनाची सुनावणी आहे. पोलिसांना दिलेला जबाब बदल. पाना माझ्या हातून निसटला आणि भाऊजींचा हात मध्ये आला, एवढंच म्हण. पप्पांना धड दिसत नाही. चार टेम्पो मुलुंडच्या आवारात नुसते उभे राहिले, तर अंधेरीची गिऱ्हाइकं पंधरा दिवसांत दुसरा ट्रान्सपोर्टवाला धरतील. धंदा कोण बघणार, तुझा नवरा?

तीस वर्षं दसऱ्याची पूजा झाली की जुना टेम्पो लिंबांवरून पप्पांनीच बाहेर काढला. यंदा डोळ्यांमुळे जमणार नाही म्हणाले, तेव्हाच आपल्या ड्रायव्हरांनी ओळखलं की यंदा जो काढेल तो पुढचा मालक. दहा वर्षं मी त्या गाड्यांखाली लोळलो आणि सगळ्यांदेखत किल्ली जावयाच्या हातात गेली. भाऊजींनी नको म्हणायला हवं होतं. ते हसत चढले. मला पश्चात्ताप नाही. जबाब बदलला नाहीस, तर सुटल्यावर त्यांचा दुसरा हातही शाबूत राहणार नाही, हे लिहून देतो.

राग सोड, माया सोडू नकोस.

तुझा,
निलेश


मुलुंड,
५ नोव्हेंबर २०२५

चि. निलेश यास,
अ. उ. आ. लिहिताना हात अडतो, तरी लिहिते.

पाना एकदा निसटतो रे, चारदा नाही. मी दोन हातांवर होते. पूजेच्या पाटावरचा, हळद-कुंकू लावलेला पाना तू उचललास आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या हातावर घातलास. हाडं मोडताना ऐकली मी. नंतर हाताला कुंकू किती आणि रक्त किती, ते कळत नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. तुझे भाऊजी आता डाव्या हाताने जेवतात आणि कोणी आलं की ताट आत नेतात. ते हसत चढले म्हणतोस. ते लाजून हसत होते, गाढवा. त्यांना तो मान नकोच होता.

आता पप्पांचं ऐक. महिनाभर गप्प होते, परवा बोलले. दसऱ्याच्या पहाटे ते जुना टेम्पो पुसत होते. दिसत नाही म्हणून सगळं हाताने चाचपत होते. क्लचचा पॅडल चिकट लागला. बोटं नाकाशी नेली तर रक्त. तू नवरात्रभर अनवाणी गाडी चालवलीस, पाय फुटले आणि कोणाला बोलला नाहीस. त्यांना वाटलं, या पायाने पोराला तो जड क्लच दाबायला कसा लावू? कारण सांगितलं असतं तर तू हट्टाने चढला असतास. म्हणून फक्त म्हणाले, "आज गाडी हर्षद चालवतलो."

चारही टेम्पो तुझ्या नावे केल्याचा नोटरीचा कागद त्याच पाटावर नारळाखाली होता. गाडी फिरून आली की जेवायच्या आधी तुला देणार होते. पाना उचललास तेव्हा नारळ घरंगळला, कागद समोर पडला. तू पाहिलाही नाहीस.

काल पप्पांनी तो फाडला. सोमवारपासून अंधेरीचा माल मी नेते. जबाब बदलणार नाही. दुसऱ्या हाताचं म्हणशील, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

जेवत जा. ताई म्हणणं टाकू नकोस.

तुझी,
श्रुतिकाताई


मध्यवर्ती कारागृह,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं, पुन्हा वाचायची हिंमत होत नव्हती. जबाब बदलू नकोस. फक्त चार नाही, पाच म्हण. पहिला घाव भाऊजींनी चुकवला, तो दारावर बसला. ड्रायव्हरच्या बाजूचा पोचा बघ. तो डोक्यावर मारला होता. जामिनाचा अर्ज मागे घ्यायला वकिलांना सांगितलंय. माझा मलाच भरवसा नाही.

जुना टेम्पो तू चालवत असशील तर घाटकोपरच्या पुलावर दुसऱ्या गिअरला तो अडतो. जोर करू नकोस, क्लच दोनदा दाब. जाड तळाची चप्पल घाल.

आणि एक गोष्ट पप्पांना कधीच कळू देऊ नकोस. मी याआधी कधी नवरात्र धरलं नव्हतं. यंदा अनवाणी राहिलो, तो नवस होता. किल्ली मला मिळावी म्हणून बोललेला.

भाऊजींना नमस्कार सांगायचं तोंड नाही. तुझी माया उरली असेल तेवढी राहू दे.

तुझा,
निलेश