निळी टोपी

सेंट हेलेना बेट, दक्षिण कॅरोलायना
१४ ऑक्टोबर २०२५

चि. क्विंटनला लुवेनिया आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बोलते, चर्चमधली मर्टिस लिहिते. तिला हसू आलं की अक्षर हलतं, सांभाळून घे. फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतोस, तेही गार झालेल्या लापशीसारखं. म्हणून हा कागद.

तुझ्याबरोबर बास्केटबॉल खेळणारा टायरीक राज्याच्या विद्यापीठात गेला आणि खेळाच्या पहिल्याच पैशांत आईला ट्रक घेतला. ती आमच्या दारावरून दिवसातून चारदा जाते. दुकान उलट्या बाजूला आहे. वर म्हणते, लुवेनियाला वाचता आलं असतं तर पोराची टोपी चुकली नसती. मी कोळंबी सोलत राहते.

तिथं सुखी आहेस का, तेवढं लिही. आजीवरचा जीव कमी करू नकोस.

आजी

९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी बरा आहे. खोली उबदार आहे. अर्थशास्त्रात वर्गात पहिला आलो. परवा सामना जिंकलो. सगळे ओरडत होते, मी बुटाची नाडी बांधत होतो. वाईट काही नाही. तसं काहीच नाही.

टोपीचं लोकांना बोलू दे. कुठल्या विद्यापीठात खेळणार ते जाहीर करायला शाळेच्या जिममध्ये टेबलावर दोन टोप्या होत्या, जी डोक्यावर चढेल तिथं जायचं. राज्याची लाल, तिथं पैसे. इथली निळी, इथं नावाजलेलं शिक्षण, पण खेळाचा एक डॉलरही नाही. घरी लाल ठरली होती, ती माझ्या डोक्यावर घालायचा मान मी तुला दिला. तू निळी घातलीस. चर्चची सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती. तुला चारचौघांत खाली पाहायला लावणं जमेना, म्हणून इथलंच नाव घेतलं.

आता राज्याच्या कोचचा निरोप आहे : मे महिन्यात ये, पैसे तेवढेच. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तुझं काय म्हणणं?

मर्टिसमावशींना नमस्कार. लोभ असू दे.

क्विंटन

१८ नोव्हेंबर

चि. क्विंटनला आशीर्वाद.

मी काय लिहायला सांगतेय ते ऐकून मर्टिसनं पेन खाली ठेवलं होतं. तिला म्हटलं, सांगते ते लिही.

चूक झाली नव्हती. टोमॅटो भरायच्या शेडमध्ये एकतीस वर्षं फिरत्या पट्ट्यावरून हिरवे, गुलाबी, लाल वेगळे केले. रंगाला मला अक्षर लागत नाही. तुझ्या आजोबांची पाठ धड होती तोवर पगार होता. पाठ गेली त्याच शनिवारी तोही गेला. तुझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि निळी उचलली. लोक बिचारी म्हणाले, मी बिचारी झाले. अडाणी असण्याचा आयुष्यात तेवढाच फायदा.

पण डोकं तुझं होतं रे. या वेळी मी काही म्हणणार नाही. मर्टिस म्हणते, हे ऐकायला तिनं सत्तर वर्षं वाट पाहिली.

जमलं तर माया ठेव.

आजी

२९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

कोचना हो कळवलं. मे महिन्यात तिकडे येतो. तुझं म्हणणं बरोबर असेलही. गुडघे माझे आहेत.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझा राग आला आहे. जेवताना येतो, वर्गात येतो. ऑगस्टमध्ये इथं आल्यापासून मला ना राग येत होता, ना हसू. आज सरावात दोनदा ओरडलो, पोरं बघत राहिली.

राग आहे तोवर फोन करणार नाही. पत्र मात्र पाठव.

तुझा,
क्विंटन