मिशरीचं पहिलं बोट

सुमन,

काल तुझ्या पूजानं माझ्यापुढं बोट केलं आणि म्हणाली, "आजी, जरा मिशरी दे. दाढ लई ठणकतेय." म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत माझी, वाकडी आली तर नावं ठेवू नको. तसं तू कधी ठेवलीच नाहीस म्हणा, नावं ठेवायचं काम माझ्याकडं होतं.

पूजाला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आईकडं करतात. आई नाय, म्हणून इथं शहरात माझ्याकडं आलीय. पोटुशीनं दाढ काढू नये असं कोणी तरी तिच्या डोक्यात भरवलंय.

तुलाही सातवाच होता, आठवतंय? आपण तेव्हा पाचोडला होतो. मी परसात चुलीवर तंबाखू भाजत होते आणि तू पदर नाकाला लावून खोकत उभी होतीस. गाल हा एवढा सुजलेला. मी म्हणाले, "रडतेस काय? ये इकडं. आ कर." काळी झालेली तंबाखू कुटली आणि माझ्या बोटानं तुझ्या हिरडीवर चोळली. तुला गरगरलं. भिंत धरून बसलीस, ओकलीस. मी हसले! "पहिल्यांदा असंच होतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तूच तळहात पुढं केलास. "आत्याबाई, गुण आला." मी ते सगळ्या आळीला सांगितलं.

खरं सांगू? सासू-सुनेचं आपलं जमलं ते सकाळच्या त्या अर्ध्या तासापुरतं. ओट्यावर दोघी शेजारी बसून मिशरी लावायचो. दोघींचं तोंड भरलेलं, भांडणार कशा!

मग तुझं तोंड यायला लागलं. मी म्हणाले उष्णता आहे. सब्जा झाला, गुलकंद झाला, गालाला आतून तूप झालं. आणि जिथं आग व्हायची तिथंच आपण आणखी मिशरी दाबायचो. बधिर झालं की वाटायचं, बरं झालं. गालात पांढरा चट्टा दिसला तेव्हा मीच म्हणाले, "दुधाची साय लागलीय, चूळ भर."

तू भाजीच्या फोडी पाण्यात धुऊन खायला लागलीस. मी पाहुण्यांदेखत बोलले, "माझ्या हातचं तिखट धुऊन खाते, महाराणी!" भाकर दुधात कुस्करायचीस तर म्हणाले, "दात माझे पडलेत का तुझे?" तुझं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं, हे मला कुठं ठाऊक! पण तू उलट का बोलली नाहीस गं? एक शिवी तरी हासडायची होतीस. मी ऐकली असती.

शहरात डॉक्टरीणबाईकडं नेलं तेव्हा तिनं विचारलं, "तंबाखू खाता का?" तू तोंड उघडायच्या आत मी फटकारलं, "आमच्या घरातल्या बायका नाय खात तंबाखू!" तू माझ्याकडं बघितलंस आणि मान हलवलीस. खोटं बोलत नव्हतो आपण. खाणं वेगळं, दात घासणं वेगळं, असंच आपल्याला वाटायचं. तिनं माझा हात उलटा केला. बोट काळं. "हे काय आजी?" मिशरी, म्हणाले. "म्हणजे तंबाखूच की," ती हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तोवर तुझ्या मानेला गाठ आली होती.

पुढचं तुला काय सांगू? अर्धा जबडा काढला. नाकात नळी. तू आरसा भिंतीकडं फिरवून ठेवलास. वासामुळं शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून जायच्या. शेवटच्या आठवड्यात तू दातांवर बोट घासून दाखवलंस. मिशरी मागत होतीस. मी दिली नाय म्हणून सगळ्यांना सांगितलं. दिली होती. तुला माहितेय.

तुझ्या दहाव्याला मी मिशरी भाजायचा तवा सगळ्यांसमोर भंगारात टाकला. "सोडली आजपासनं," म्हणाले. बायका हळहळल्या. मिशरीची डबी मात्र ज्वारीच्या डब्यात खाली पुरली. तीन वर्षं झाली, कोणाला पत्ता नाय, असं मला वाटत होतं. काल पूजा म्हणाली, "सोडली म्हणतेस, पण ज्वारीला वास येतो, आजी. काढ की. आईला हिनंच आराम पडायचा ना?"

मी डबी काढली, सुमन. झाकणही उघडलं. तिचं बोट पुढंच होतं. तुझ्यासारखंच आहे, टोकाला जरा वाकडं.

झाकण लावलं आणि सांगून टाकलं, "तुझ्या आईला पहिलं बोट मी लावलं. तू पोटात होतीस."

तिनं बोट मागं घेतलं. वाटलं उठून जाईल. मग म्हणाली, "तुझं तोंड दाखव." मी म्हणाले, "माझ्या तोंडात काय बघायचंय, एक दात नाय धड." ती म्हणाली, "दाखव!" आवाज अगदी माझा. तुझ्यावर मी काढायचे तो.

नाय दाखवलं. कारण डाव्या गालात खरखरीत चट्टा आहे, दिवाळीपासनं. हल्ली मीही भाजी धुऊन खाते, कोणी बघत नसलं की. मला बोलायला माझ्यासारखी सासू नाय एवढंच.

डबी आज मोरीत रिकामी केली, पूजाच्या देखत. सकाळपासनं डोकं फुटतंय. तुझी आठवण येऊन नव्हे, तंबाखूच्या तलफेनं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

उद्या सकाळी दोघी जातोय दातांच्या दवाखान्यात. ती दाढ दाखवणार, मी गाल. डॉक्टर विचारतील, तंबाखू खाता का? याही वेळी पोरीच्या आधी मीच बोलणार आहे. व्हय, म्हणेन. पंचेचाळीस वर्षं. आणि सुनेलाही मीच लावली.

तुझी
आत्याबाई