शंका असेल तर ‘नाही’ म्हणा

स्क्विड बे, टास्मानिया
रविवार

रा. रा. नोएल ग्रब यांस,

लिंडसे ट्रेथेवीचा नमस्कार पोचावा. (तुला ‘रा. रा.’ लिहायची ही पहिलीच वेळ. पण तीन वर्षं बोलणं बंद असलेल्या मित्राला काय लिहितात, ते मला कोणी शिकवलेलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? बर्नी गावची हवा मानवते का? लेकीच्या घरी तुला गॅरेजात टेबल मिळालं असं ऐकलं, बरं वाटलं. आमच्याकडे सर्व क्षेमकुशल आहे, म्हणजे मी आहे आणि मांजर आहे. गेल्या महिन्यात तुला दोनदा फोन आला आणि कोणी बोललं नाही, तो मीच. बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, पण तू ‘हॅलो’ म्हणालास आणि मी ठेवून दिला.

पत्रास कारण की शर्यतींचा दिवस तेरा दिवसांवर आला आहे आणि धक्क्यावरच्या शेडमधला आपला संगणक मुका झाला आहे. मुका म्हणजे बहिरा. होड्यांच्या वेळा फलकावर दाखवणारं ते यंत्र आपण दोघांनी बावीस वर्षं सांभाळलं, तू गेल्यापासून मी एकटा सांभाळतो. आता समितीच्या अध्यक्षबाई व्हॅल्मा हेडलम म्हणतात की शर्यतींच्या सकाळी नऊपर्यंत ते चाललं नाही, तर दुकानातला वेळा मोजणारा तयार डबा बसवायचा. डब्याला सांभाळणारा लागत नाही. म्हणजे शेडची किल्लीही द्यायची. मग मी शनिवारी कुठे जाऊन बसू, हे समितीच्या इतिवृत्तात नाही.

झालं असं की यंत्र सुरू व्हायला दोन मिनिटं घेतं अशी व्हॅल्माची तक्रार होती. मी म्हटलं, नवा कर्नल बांधतो. तो काय असतो, हेही समजावलं : संगणकाच्या पोटातला कारभारी, डिस्क, पडदा, कळा, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत. आयता मिळतो तो जगातल्या यच्चयावत यंत्रांची भाषा शिकून येतो, म्हणून जड असतो. आपण स्वतः बांधला तर आधी त्याच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देऊन नको ते गाळता येतं.

“आणि आपल्याला काय लागतं ते तुला माहीत आहे?” व्हॅल्मा म्हणाली.

“बाई, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी.”

“ते नाही विचारलं मी.”

आता तू विचारशील की उत्तरांची आपली जुनी फाइल होती ना? होती. तू सुरू केलेली, दर वर्षी एकाने पुढे चालवलेली, कर्नल कितीही नवा आला तरी फक्त नव्या प्रश्नांपुरतं थांबवणारी. ती मी उघडली. पण तिच्यात जिथे तिथे तुझं ते तिसरं उत्तर : ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही, तर ‘सुटं ठेव, लागेल तेव्हा बोलावू’. मला तीन वर्षांपूर्वीच्या शर्यती आठवल्या. शर्यत सोडायला संगणकाने वाजवायचा भोंगा तू सुटा ठेवला होतास, सुरुवातीला तो वाजला नाही, चौदा होड्या पाण्यात एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मी ध्वनिक्षेपकावरून सबंध गावाला सांगितलं की मी याला आधीच बजावलं होतं. (ध्वनिक्षेपक चालू होता हे मला नंतर कळलं. निदान तेव्हा मी तसं म्हणालो.) तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास. ते सगळं आठवून मी रागाच्या भरात फाइल पुसली आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात केली.

नोएल, सहा हजारांवर प्रश्न आहेत. तुमच्या यंत्राला चौसष्ट प्रोसेसर आहेत का? तुम्ही हौशी रेडिओवाले आहात का? बुडालेल्या अमुक कंपनीचं तमुक कार्ड आहे का? आणि पुष्कळशा प्रश्नांखाली मदत म्हणून एकच वाक्य : शंका असेल तर ‘नाही’ म्हणा. मला शंका पुष्कळ होत्या. पहिले दोनशे प्रश्न मी वाचले. पुढे सवय लागली. चौथ्या दिवशी व्हॅल्माने चहाबरोबर स्कोन पुढे करून “जॅम घालू?” विचारलं, तेव्हाही तोंडातून ‘नाही’च गेलं आणि कोरडा स्कोन खावा लागला.

मग बांधणी. आपलं म्हातारं यंत्र त्याला चार तास घेतं, हे तुला माहीतच आहे. तिसऱ्या तासाला महिला मंडळाने चहाचा बंब लावला आणि शेडचा फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी मी बंबावर ‘बांधकाम चालू आहे’ अशी पाटी लावली. त्यांना वाटलं बंबाचं. त्यांनी घरून दुसरा आणला.

अखेर कर्नल झाला. एवढासा, देखणा. तो बसवताना जुना शेजारी ठेवायचा, नवा रुसला तर जुना उठवायचा, हा तू घालून दिलेला नियम. मी जुना पुसला. नव्याचा अपमान होतो असं मला वाटलं. (हे वाचून तू चष्मा काढून डोळे चोळतो आहेस, मला दिसतंय.) चालू केला तर त्याला डिस्कच वाचता येईना. डिस्कवर फायली ज्या पद्धतीने ठेवल्या आहेत, तिलाच मी ‘नाही’ म्हटलं होतं. ‘मी घाबरलो आहे’ अशा अर्थाचं काहीतरी पडद्यावर लिहून तो थिजला.

पेनड्राइव्हवरून यंत्र उठवून पुन्हा बांधला. या खेपेला नऊ सेकंदांत उठला! फलक लागला, भोंगा लागला, पडद्यावर नाव विचारलं. मी नाव टाइप केलं. काही उमटेना. कळफलक, नोएल. यूएसबीच्या कळफलकाला मी ‘नाही’ म्हटलं होतं. बघायला बोलावलेल्या समितीच्या सहाही जणांसमोर जगातला सगळ्यात वेगवान संगणक माझं नाव विचारत उभा होता आणि मला ते सांगता येत नव्हतं. “त्याने तुला ओळखलं नाही वाटतं,” व्हॅल्मा म्हणाली. लोक हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र फार एकटं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

तरी विनंती अशी की तुझ्याकडे जुन्या फाइलची प्रत असेलच. ती कृपा करून पाठवावी. तुझी सगळी ‘सुटी’ उत्तरं मी जशीच्या तशी ठेवीन, एकालाही हात लावणार नाही. लेकीला आशीर्वाद. गुडघ्याला जपावे. कळावे,

तुझा (अजून असेन तर)
लिंडसे

ता. क. फाइल टपालाने पाठवू नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये. शर्यतींच्या आदल्या दिवशीची, शुक्रवारची बस संध्याकाळी सव्वापाचला पुलाशी थांबते, खालची खोली झाडून ठेवली आहे, जिना चढावा लागणार नाही.

ता. क. दुसरा. भोंगा तुझ्या उत्तरामुळे गप्प नव्हता. मागची वायर सैल होती आणि ती मीच जोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला दिसलं. तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही. चूक माझी होती, नोएल. ती ध्वनिक्षेपकावरूनही सांगायला मी तयार आहे.

ता. क. तिसरा. खरं सांगायचं तर कळफलकाचा प्रश्न मला मंगळवारीच सापडला, ‘हो’ म्हटलं, पुन्हा बांधला; यंत्र उत्तम चालतं. व्हॅल्माला सांगितलेलं नाही. बंद करून वर चादर टाकली आहे. शनिवारी नऊच्या आत तू आलास तर चादर तू काढ. नाही आलास तर खुशाल डबा बसवू दे त्यांना. मला ते एकट्याने चालवायचं नाही.