शीर बंद, दूध बंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
आधी सगळ्यांच्या तब्येती. बायको जयाबाई बरी आहे, मुकाट आहे. मुलगा नागेंद्रचं पित्त उठलंय, रोजचंच. नातू साईराज शेंबडा, पण खेळतोय. म्हैस दुधावर आहे, मजेत आहे. मी उत्तम. राहिली सून. माधवीच्या पायावर निळ्या शिरा गाठाळल्यात. साईराज पोटात असताना फुगल्या, तो आता घरभर पळतो तरी उतरल्या नाहीत. संध्याकाळी पाय ठणकतात म्हणते.
काळजीचं कारण नाही. उलट चांगलं लक्षण. म्हैस घेताना आपण काय बघतो? दुधाची शीर. जितकी जाड आणि नागमोडी, तितकी धार मोठी. हे मी कॉलेजात शिकलेलो नाही, बाजारात उभं राहून शिकलोय. जयाबाईला समजावून सांगितलं. म्हणाली, "अवो, शिरा बघून दूध ठरत असतं तर मी एकटीनं डेअरी चालवली असती." कायतरी बोलते. सोडून दिलं.

६ फेब्रुवारी. रात्री जेवणाआधी.
माधवी आणि नागेंद्र बेळगावला डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. मला न सांगता. संशय इथूनच सुरू.
बाई म्हणे, दुसरं मूल हवं असेल तर मधल्या काळात पायाचं उरकून घ्या. पोटात असताना हे करत नाहीत, आणि शिरा तेव्हाच जास्त फुगतात. लेझरनं शीर आतून बंद करायची. चांगली चालती शीर. शीर बंद म्हणजे दूध बंद. उद्या माझी नात जन्मली तर प्यायची काय, पाकिटातलं?
तसं बोललो. माधवी म्हणाली, "आप्पा, गेल्या टायमाला शेवटचे दोन महिने भिंत धरून काढलेत. पाय बरं झाल्याबिगर दुसऱ्याचं नाव काढायचं न्हाय."
नात तर मला हवी आहे. ठरलं. उपचार मीच करणार. ठणका जाईल, शीर राहील.

९ फेब्रुवारी.
म्हशीच्या मुरगळलेल्या पायाचा लेप सुनेसाठी केला. आंबेहळद, तुरटी, चुलीतली राख. वासाला जरा उग्र. माधवीनं वाटी घेतली, "लावते आप्पा" म्हणाली. नंतर ती वाटी परसात दिसली. कोंबड्या लांबून जात होत्या.
तिच्या खाटेच्या डोक्याकडं विटा लावल्या. डॉक्टरीण म्हणे पायाकडं लावा. माणसाचं डोकं वर असावं, एवढं शिकूनही कळत नाही.

१० फेब्रुवारी.
माधवीचे पाय सकाळीच जड. विटा कुणीतरी पायाकडं नेल्यात. घरात कुणीच कबूल होत नाही.

१२ फेब्रुवारी. दुपारी.
दोरीवर डॉक्टरीणनं शिरांसाठी दिलेले गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे वाळत होते. दोन जोड्या. एक लहान मापाची, एक मोठी. जयाबाईला विचारलं. म्हणाली, "एक धुतल्यावर दुसरी नको?" पण मापं वेगळी का? माझा अंदाज, सुनेचा पाय वाढत चाललाय आणि माझ्यापासून लपवतायत.
शिवाय सासू-सून चुलीपाशी कुजबुजतात, मी गेलो की भाजीबद्दल बोलायला लागतात. जयाबाई हल्ली बसली की पाय वर घेऊन बसते. सुनेचं बघून लाड सुचलेत.

१५ फेब्रुवारी. पहाटे.
आता पुरावाच समोर बांधतो. आज निपाणीच्या बाजारातून शीर बघून म्हैस आणणार. नागेंद्र म्हणाला, "आप्पा, घ्यायच्या आधी धार काढून बघा की." ज्याला शीर वाचता येते त्याला पिळून बघायची गरज नसते.
माधवी साईराजला घेऊन सांबऱ्याला माहेरी निघालीय. जयाबाईही सोबत. विहिणीला भेटायचं म्हणे. इतक्या वर्षांत कधी आठवण झाली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
आणली. शीर माझ्या अंगठ्याएवढी.

१६ फेब्रुवारी.
नव्या म्हशीनं तांब्याच्या बुडापुरतं दूध दिलं. प्रवासाचा शीण. शेजारचा रवळू वाकून बघून म्हणाला, "भरमाण्णा, ही लई म्हातारी हाय रं. शिरा म्हाताऱ्यांच्या पण फुगत्यात. आणि दुधाची शीर पोटावर असती, पायावर न्हवं." रवळूला जनावरातलं फारसं कळत नाही.
रात्री नागेंद्रनं सांगितलं. काल दोघी आधी बेळगावला गेल्या होत्या. माधवीच्या पायाचं झालं, त्याच दिवशी चालत बाहेर आली.
आणि जयाबाईचंही.
नागेंद्र लहान होता तेव्हापासून तिच्या पायाला शिरा आहेत म्हणे. घोट्यावर जखम, भरतच नव्हती. मला काटा लागलाय म्हणून सांगायची. कुठला काटा दोन वर्षं राहतो, हे मी विचारलं नव्हतं. मोठी जोडी तिची. मोजे दोघींचे आहेत हे मला तसं लक्षात आलंच होतं.

१९ फेब्रुवारी. सकाळी.
दोघी सांबऱ्यालाच आहेत, डॉक्टरीणला परत दाखवूनच येणार. घरची म्हैस मला जवळ येऊ देत नाही. आजवर धार जयाबाई काढायची, मी मार्गदर्शन करायचो. आज बादली लाथाडली, मग मलाही. नवी म्हैस लाथ मारत नाही, पण दूधही देत नाही. चहाला नागेंद्रनं पाकीट आणलं. प्यालो.
आता माधवीच्या फोनवर पाठवायला मजकूर लिहून ठेवतो:
जयाबाई, म्हैस तुझी वाट बघतेय. माझं काही नाही. दोघींचे पाय कसे आहेत, जखम सुकतेय का, माधवीला चालताना दुखतं का? नातीची घाई नाही म्हणून तिला सांग. खाटेच्या पायाकडं विटा मी स्वतः लावून ठेवल्यात, दोन्ही खाटांना. आणि धार काढताना तू म्हशीच्या कानाशी काय बोलतेस, ते तेवढं लवकर लिहून पाठव.