नारळाच्या शेंड्या

चँडलर, १४ जून २००५

ताराच्या अजगरानं आज अखंड कात टाकली. तोंडापासून शेपटीपर्यंत, जसा काही एकच लांब मोजा. मागच्या वेळी इथल्या वाळवंटी, कोरड्या हवेनं कातीचे तुकडे पडले होते, डोळ्यांवरही कात चिकटून बसली होती.

तारानं कात उचलली आणि लगेच अनिकेतला फोन लावला. अनिकेत म्हणजे एमएस करणारा, कॉम्प्युटरवर वाचून सगळ्यांना सांगणारा. "इट वर्क्ड यार! तुझं बेडिंग! यू आर अ जीनियस!"

त्याचं बेडिंग! अजगराखाली अंथरायला त्यानं आणलेला लाकडाचा भुसा पाणी शिंपडलं की खालून बुरसायचा. आमच्या देशी किराणा दुकानामागच्या खोलीतली अजगराची काचेची पेटी साफ करतो मी, वास मलाच आला. म्हणून गेल्या आठवड्यात भुसा फेकला आणि दुकानातल्या नारळांच्या शेंड्या पिंजून, भिजवून, घट्ट पिळून अंथरल्या. काथ्या ओल धरून ठेवतो, हे कळायला कॉलेज लागत नाही. मग तिला सांगितलं का नाही? काय माहीत. वाटलं, तिला आपणहून दिसेल.

तेवढ्यात काका, तिचे वडील आणि माझे शेठ, ओरडतच आत आले. "अरे, नारळांचं टक्कल कुणी केलं? बायका पूजेला शेंडीचाच मागतात!"

"मी, काका."

"कशाला पण?"

मी पेटीकडे बोट केलं. तारानं आत पाहिलं, मग माझ्याकडे. "ओह," म्हणाली. हसलीसुद्धा.

कात हातातच होती. फोन काही ठेवला नाही.